सासऱ्यांची छर्र्याची बंदूक

माझ्या सासऱ्यांइतका काळजीखोर माणूस तापीपासून सातपुड्यापर्यंत दुसरा झाला नसेल, आणि नंदुरबारच्या आमच्या गल्लीत बंदूक होती ती फक्त त्यांच्याकडे. जंगल खात्यात कारकून म्हणून ते धडगावला होते, तेव्हा आसपास वाघ हिंडायचे आणि यांच्या हातात साधी काठी. पेन्शनीत निघून गावात आले, जिथं धोका म्हणजे फार तर एखादं भटकं गाढव, तेव्हा यांना बंदूक सुचली. तीही हवेची. नळी मोडून वाकवली की आतली स्प्रिंग ताणली जायची, चाप ओढला की शिशाचा बारीक छर्रा फट्‌कन सुटायचा. मारायचं काहीच नव्हतं. चुकून चिमणी मेली तर, या धास्तीनं परसात दाणे टाकायचंही त्यांनी बंद करवलं होतं. नुसता पाटावर खडूनं वर्तुळ काढून नेम धरायचा.

ती निवडायला ते सुरतेला गेले होते. सासूबाई बरोबर होत्या. त्या सांगत, की दुकानातली एकेक बंदूक कानाशी धरून हे स्प्रिंगचा आवाज ऐकत बसले. एक कुरकुरते, दुसरी दमेकऱ्यासारखी श्वास टाकते, तिसरीचा झटका खांद्याला सोसेल का, असं करता करता दुपार टळली. शेवटी दुकानदार हात जोडून म्हणाला, "काका, आ बंदूक छे, सितार नथी." घेतली ती सगळ्यांत मऊ आवाजाची. येताना गाडीत ती रिकामी होती, तरी तिचं तोंड यांनी खिडकीबाहेर धरलं, आणि स्टेशन आलं की फलाटावर माणसं असतील म्हणून छताकडे वळवलं. समोरचे उतारू आपण होऊन दुसऱ्या डब्यात गेले.

मी लग्न होऊन आले तेव्हा रोज सकाळी परसात हा सोहळा चालायचा. पाटामागे वाळूचं पोतं, पोत्यामागे भिंत, आणि भिंत कमी पडली तर म्हणून तिच्यापलीकडच्या शेजाऱ्यांना आधी हाक. मग घरातली माणसं मोजायची. "समदा मांगे शेतस का?" सगळे मागे आहोत ना, असं त्यांनी विचारलं की मी पोळी तव्यावर टाकून ओ द्यायची. सासूबाई वैतागून म्हणायच्या, "आते मांजर बी तुमले इचारीसन अंगणमा जास." एवढं होऊन छर्रा सुटायचा आणि बहुधा पोत्यात जायचा. नेमापेक्षा निगराणीत त्यांचा जीव जास्त. आतल्या दट्ट्याच्या चामडीला तेलाचा एक थेंब, जास्त नाही. स्प्रिंग ताणून ठेवायची नाही, ती मऊ पडते.

मग चळवळीचे दिवस आले आणि एके दिवशी माझे यजमान सांगून न सांगितल्यासारखं करून घरातून गेले. कुठे आहेत, खातात काय, काही कळेना. सासूबाई देवापुढे बसत. मी दाराकडे बघत असे. मामा, म्हणजे माझे सासरे, मुलाचं नाव काढीत नसत. बंदूक मांडीवर घेऊन चामडीला तेल सोडत. सकाळी सोडलेलं दुपारी विसरून पुन्हा सोडत.

फौजदार शिपाई घेऊन झडतीला आले. मुलगा मिळाला नाही, बंदूक मिळाली. "साहेब, ही नेमाची आहे," मामा म्हणाले. फौजदार म्हणाले, "मग दाखवा चालवून." मामांनी तशातही सगळ्यांना मागे उभं केलं, फौजदारांनाही. चाप ओढला, आणि आत साचलेलं तेल दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं पेटून खऱ्या बंदुकीसारखा बार झाला. धूर निघाला. एक शिपाई तुळशीमागे बसला. "हिच्यात दारू भरता तुम्ही," फौजदार म्हणाले. मामांना आयुष्यात पहिल्यांदा राग आलेला मी पाहिला. ते फौजदारांनाच चामडी, तेल आणि हवा यांचं शास्त्र सांगू लागला. फौजदारांनी ते ऐकून घेतलं आणि बंदूक तपासणीसाठी कचेरीत नेली.

त्याच आठवड्यात यजमानांना कोरीटला एका शेतात पकडलं आणि इथल्याच कोठडीत ठेवलं. भेटीची परवानगी नव्हती. मामा रोज सकाळी टोपी घालून कचेरीत जाऊ लागले. आम्हाला सांगत, बंदुकीची चौकशी करतो. कचेरीवरून जावं लागू नये म्हणून पूर्वी बाजाराला वळसा घालणारा हा माणूस. सासूबाईंचा संताप झाला. पोर आत आहे आणि यांना स्प्रिंगची पडली आहे, असं त्या मला म्हणाल्या. मलाही वेगळं वाटत नव्हतं.

पुढं यजमानांनीच मला सांगितलं. कोठडीचा झरोका कचेरीच्या ओसरीवर उघडायचा. रोज तिथं वडिलांचा आवाज ऐकू यायचा, नेहमीपेक्षा मोठा. "हवालदारसाहेब, तिला सारखी ताणून ठेवू नका. घरी सगळं ठीक आहे म्हणून मी निवांत येतो, नाहीतर कशाला आलो असतो." आतून यजमान खोकायचे. तो खोकला ऐकला की मामा थोडा वेळ बसून निघून जायचे. एकदा हवालदारानं बंदूक पुढं ठेवली. म्हणाला, "तपासणी झाली, न्या आता." मामा म्हणाले, "आज राहू द्या साहेब, उद्या नेतो." तो उद्या बरेच दिवस आला नाही. हवालदारानंही पुन्हा विचारलं नाही.

यजमानांना धुळ्याच्या तुरुंगात हलवलं, त्या दिवशी बंदूक घरी आली. नळीवर गंज चढला होता. मी मामांच्या पायांवर पाणी घातलं. त्यांनी बंदूक कोपऱ्यात उभी केली, तेलाच्या बाटलीकडे पाहिलंही नाही. सासूबाई चुलीपाशी पाठ करून बसल्या होत्या. तिकडे बघत ते हळूच म्हणाले, "पोऱ्या बरा शे. जेवस."