सुखतळ्यातलं सुख

रंगाच्या कारखान्यात नोकरी केलेल्या माणसाकडे दोन गोष्टी आपोआप साठतात, कपड्यांवरचे डाग आणि किस्से. डाग बायको मोजते. किस्से कुणी मोजत नाही, म्हणून ते उरतात. ऐंशी सालाच्या आसपासचे माझ्याकडचे बरेचसे किस्से एका बुटाच्या जोडीत आहेत, आणि ती जोडी राऊतदादांची.

राऊतदादा आमच्या बोईसरच्या कारखान्यात फिल्टरवर ऑपरेटर होते. घर चिंचणीला. मी स्टोअर्समधला कारकून, जोग प्रयोगशाळेतला केमिस्ट. आम्ही तिघे रविवारी डोंगर चढायला जायचो, कधी काळदुर्ग, कधी सफाळ्याजवळचा तांदुळवाडीचा किल्ला. पायात कंपनीचेच बूट, पुढे लोखंडी टोपी असलेले. बाहेरून दणकट, पण आतला तळ पुठ्ठ्याचा. एका पावसाळ्यात त्याचा लगदा व्हायचा आणि खालचे खिळे वर डोकवायचे.

त्या खिळ्यांनी दादांची टाच धरली. डॉक्टर म्हणाले, "आत मऊ तळ घाला, नाहीतर बसून करायचं काम मागा."

बसून करायचं काम कारखान्यात एकट्या साहेबांकडे होतं. शिवाय साहेब माणसं कमी करायला निमित्तच शोधत होते, आणि दादांच्या मुलीचं लग्न जमायचं होतं. तेव्हा काही झालं तरी लंगडताना दिसायचं नाही, असं दादांनी ठरवलं.

* * *

बुटांसाठी नवे सुकतळे घ्यावेत म्हणून मी साहेबांकडे मागणी पाठवली. वाचनाची खोड. हा शब्द 'सुखतळा' असाही लिहितात, तसा लिहिला. साहेबांनी बोलावून घेतलं.

"हे सुख काय आहे?"

"बुटाच्या आतला तळ, साहेब."

"ते कळलं. कायद्यात सुरक्षा आहे. सुख कुठे आहे?"

मी 'ख'चा 'क' करून मागणी परत नेली.

"आता सुके झाले? मग पावसाळ्यात काय उपयोग?"

स्वतःच्या विनोदावर साहेब इतके खूश झाले की मागणी बाजूला राहिली ती राहिलीच.

* * *

तरी पुढे युनियनने आरडाओरडा केला म्हणून मुंबईचा एक विक्रेता तीन नमुने घेऊन आला. एक नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, एक बुचाचा, एक फोमचा. निवडीसाठी कमिटी बसली. बसली हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. कमिटीत दिवसभर उभा राहणारा एकही माणूस नव्हता.

पायात घालायची वस्तू त्यांनी हाताच्या अंगठ्याने दाबून पाहिली. फोम दबतो, म्हणून नापास. बूच मोडतं, म्हणून नापास. नमदा गरम होतो, असं एसीत बसलेल्या एका सभासदाला वाटलं. शेवटी पुठ्ठाच कायम झाला, कारण तो कुणी कितीही दाबला तरी दबत नव्हता.

फोमचा नमुना साहेबांच्या सकाळी फिरायच्या बुटात गेला. तपासणी चालू आहे, असं मला सांगण्यात आलं.

* * *

जोगांनी मात्र कुणाकडून तरी परदेशी सुकतळे मिळवले आणि थेट काळदुर्गावर घालून आले. जुना तळ काढून नवा घालायचा असतो, हे एम.एस्सी.ला शिकवत नाहीत. त्यांनी नवा जुन्यावरच बसवला. बूट इतके घट्ट झाले की अर्ध्या चढावर बोटं सुन्न पडली. मग बूट नाडीने बांधून गळ्यात, आणि जोग अनवाणी.

समोरून मोळी घेऊन उतरणारी एक बाई थांबली.

"दादा, बूट दमलं काय?"

पुढे वर्षभर प्रयोगशाळेत दादांचा फोन यायचा, "जोगसाहेब, बूट दमलं काय?"

* * *

दादांनी शेवटी स्वतःच उपाय काढला. रंग गाळून गाळून फाटलेलं फिल्टरचं जाड कापड कारखान्यामागे ढिगात पडलेलं असे. त्याची चौपदरी घडी पायाच्या आकाराची कापली आणि बुटात घातली. टाच शांत झाली. पाय जांभळे झाले.

सफाळ्याला मुलाच्या घरी लग्नाची बोलणी करायला गेले, तर दारात पाय धुताना पाणी जांभळं. मुलाची आई तांब्या घेऊन तशीच उभी राहिली.

"पोरीला असलं काय नाय ना?"

"नाय ओ, कारखान्याचा रंग हाय."

मुलाचा बाप आतून म्हणाला, "परमनंट हाय ना? मंग जांबळं चालतंय."

लग्न ठरलं.

* * *

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गेटवर झडती झाली. वॉचमनने बूट उलटे केले. "साहब, जूते में कंपनी का माल है।"

ढिगात होतं तोवर ते कापड कचरा होतं. बुटात गेल्यावर माल झालं. आरोप दोन ठेवले, चोरी, आणि कंपनीचा माल पायदळी तुडवणे. दुसरा साहेबांनी स्वतः सुचवला. बडतर्फी किंवा राजीनामा, निवड दादांची. बडतर्फीचा बोभाटा सफाळ्यापर्यंत गेला असता. दादांनी राजीनामा दिला.

लग्न लागेपर्यंत ते रोज पहिल्या पाळीच्या बसने बोईसरला येत आणि पाळी सुटेपर्यंत स्टेशनच्या बाकावर बसत. मी विचारलं तर म्हणाले, "भाऊ, डाक्टरनी सांगितलं ते काम मिळालं. बसून करायचं."

* * *

राजीनाम्याच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. दादा पाळीवरून तसेच केबिनमध्ये गेले. बूट कंपनीचे, म्हणून ते आधी माझ्या खिडकीवर जमा झाले. पाय फिल्टरच्या रंगाने ओले, अनवाणी. साहेबांच्या केबिनमध्ये नुकताच पांढरा गालिचा आला होता. दादांना बस म्हणायचा प्रश्न नव्हता. सही होईपर्यंत ते टेबलासमोर उभे होते.

ते गेल्यावर दारापासून टेबलापर्यंत जांभळी पावलं, आणि टेबलासमोर दोन शेजारी शेजारी, सगळ्यांत गडद. साबण झाला, सोडा झाला, मग जोगांना बोलावणं गेलं. जोगांनी गुडघे टेकून बोट फिरवलं.

"साहेब, मालात खोट नाही. आपलाच रंग आहे, पक्का."

पुढे केबिनमध्ये बोलावलेला प्रत्येक कामगार टेबलाच्या कोपऱ्याशी, भिंतीला लागून उभा राहू लागला. साहेब वैतागले.

"तिकडे काय? समोर उभा राहा."

"साहेब, तितं राऊतदादा उबे हायत."