पिवळ्या फुलीखालचं पाणी

शनिवारी सकाळी धुकं इतकं दाट उतरलं होतं, की रस्त्यावरचे दिवे कापसाच्या बोळ्यांसारखे दिसत होते. वारा पडलेला, गाड्या अजून जागच्या जागी. काठीवालीला अशी सकाळ मिळाली की ती खूश. धुक्यात डोळ्यांना काम नसतं, त्यामुळे सगळं बळ कानांत उतरतं, असं तिचं म्हणणं.

ती पाणीखात्यात होती आणि तिचं काम ऐकण्याचं होतं. तिची काठी म्हणजे छातीपर्यंत येणारा पोलादी गज, वरच्या टोकाला लाकडाची वाटी. खालचं टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, वाटीला कान लावायचा आणि श्वास रोखायचा. जमिनीखाली नळ फुटला असेल तर बारीक, न तुटणारी शीळ ऐकू येते. शीळ सगळ्यात मोठी जिथे लागेल तिथे रस्त्यावर पिवळ्या रंगाची फुली मारायची. मग खोदणारे येतात. एकोणीस वर्षांपूर्वी ती खात्यात अर्ज लिहून घ्यायला लागली होती. एका म्हाताऱ्या फिटरनं गंमत म्हणून काठी हातात दिली, "ऐका, काय कळतंय का," आणि तिनं ऐकून जागा दाखवली. म्हातारा गालातल्या गालात हसला आणि दुसऱ्या दिवसापासून चहा पीत सावलीत बसायला लागला. तेव्हापासून तिची एकही फुली वाया गेली नव्हती. घरी नवरा म्हणायचा, "हिच्यासमोर मनातल्या मनात बोलायचीसुद्धा चोरी."

त्या दिवशी मोठी टाकी धुवायची होती म्हणून उताराच्या सगळ्या वस्तीचं पाणी बंद होतं. व्हॉल्व्ह घट्ट बसलेत ना, एवढंच कानानं तपासत फिरायचं. घट्ट बसलेला व्हॉल्व्ह मुका असतो. अकरा मुके निघाले. बारावा सलूनच्या दारासमोरचा. तिथे शुक्रवारीच तिनं फुली मारली होती, आणि सोमवारी खोदाई ठरली होती. सवयीनं तिनं काठी टेकवली.

शीळ चालूच होती.

नळात थेंब नाही, मग गळतंय काय? ती उलट पावली अकराही व्हॉल्व्ह पुन्हा ऐकून आली. एकही फितूर नव्हता. म्हणजे खाली पाणी होतं, पण ते खात्याचं नव्हतं.

सलूनवाला शटर वर करत होता. "ताई, सोमवारी माझी पायरी जाणार म्हणे?"

"पायरी जाणार, पुढची फरशीही जाणार. तीन आठवडे धरा."

"तीन आठवडे!" त्यानं कपाळाला हात लावला. "तोवर लोक काय केस वाढवत बसणार आहेत? जातील दुसरीकडं. आणि एकदा दुसऱ्याच्या खुर्चीत मान टेकली की माणूस परत येत नाही हो. लाजतो. मला बघून रस्ता ओलांडतो."

"बघते," एवढंच ती म्हणाली. तोंडावर आलेलं गिळलं.

कारण गप्प राहणं फार सोपं होतं. खोदतील, कोरडा खड्डा निघेल, जागा चुकवली म्हणून खोदणाऱ्यांच्या माथी मारता येईल. बोलायचं, तर वरच्या ऑफिसला नेमकं तेच हवं होतं. ऐकण्याचं यंत्र घ्यायचं त्यांनी मनात धरलं होतं, फक्त काठीची एक चूक कागदावर यायची बाकी होती.

दुपारी घरी नणंदबाई स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवलेला तक्ता बघत उभ्या होत्या. वन्सं पोस्टाच्या खिडकीतून निवृत्त झालेल्या, भावाकडे राहणाऱ्या, आणि शनिवार-रविवारी शहरात जे जे फुकट मिळतं त्याच्या चालत्याबोलत्या चौकशीखिडकी. संग्रहालयाचा बिनतिकिटाचा तास, बागेतले बुद्धिबळाचे पट, वाद्यवृंदाची उघड्या दारांची तालीम, वाचनालयातली मुंग्यांवरची व्याख्यानं, रोपांची अदलाबदल, सगळं तक्त्यावर वेळेसकट. खर्च असलाच तर बसभाड्यापुरता. "तिकीट काढलं की माणूस पैसे वसूल करत बसतो," त्या म्हणायच्या, "फुकट असलं की नुसता बघतो." एक रविवार त्यांनी ठरवायचा, एक वहिनीनं, असा घरात करार होता.

"वन्सं, उद्या माझी पाळी ना?"

"तुझी पाळी म्हणजे झोप. मागच्या वेळी तू काय ठरवलंस? पडदे धुणं."

काठीवालीनं सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, "माझे कान खोटं बोलले, वन्सं."

वन्संनी चष्मा कपाळावर सरकवला. "खोटं कसलं? खाली पाणी आहेच ना? कुणाचं, एवढंच चुकलं. मग कुणाचं ते शोधू या. शोधायला काय तिकीट आहे?"

रविवारी लख्ख ऊन पडलं. दोघी आधी सलूनमध्ये गेल्या. सलूनवाल्यानं त्यांना मागच्या अंगणात नेलं. तिथे फरशीत एक जुनी लोखंडी जाळी होती. "हिच्यातून गार वारा येतो. उन्हाळ्यात मी हिच्यावर खुर्ची टाकतो. आम्ही मोरी समजतो." काठी जाळीवर टेकवताच काठीवालीनं झटकन कान मागे घेतला. इतका खळखळाट.

"झालं की मग!" वन्सं म्हणाल्या. "हेच तुझं पाणी. सांग साहेबांना."

"साहेब म्हणतील, गळतीचंच पाणी मोरीत पडतंय. नळ बंद असताना मी ऐकलं खरं, पण साक्षीला मी एकटीच. आता पाणी पुन्हा सुरू झालं. कुठून येतं ते दाखवल्याशिवाय कुणी ऐकायचं नाही."

मग ती चढाकडे निघाली. दिसेल त्या लोखंडी झाकणावर काठी टेकवायची, ऐकायचं, पुढचं झाकण. आवाज बारीक झाला की मागे फिरायचं, दुसरी गल्ली धरायची. धोब्याच्या दुकानावरून, शाळेच्या भिंतीकडेनं, बंद बँकेला वळसा घालून पाण्याचा माग वर वर जात होता. कुत्रं फिरवायला निघालेलं एक वयस्क जोडपं बराच वेळ हे बघत होतं. शेवटी आजोबांना राहवेना.

"काही हरवलंय का हो?"

"नदी," वन्सं म्हणाल्या.

आजोबांनी आजींकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, "घरी जाऊन तरी काय करणार आहात? चला." कुत्र्याला कुणी विचारलं नाही, तेही आलं.

झाकणं संपली ती थेट बागेच्या फाटकाशी. आत तळं होतं, आणि तळ्याच्या कोपऱ्यात पालापाचोळ्यानं अर्धी झाकलेली एक जाळी. जास्तीचं पाणी तिच्यावरून आत ओघळत होतं. बागेचा माळी दाताळं घेऊन उभा होता.

"दादा, हे पाणी कुठं जातं?"

"खाली."

"खाली म्हणजे?"

"खाली म्हणजे वर नाही." मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं असावं. "बावीस वर्षं पाला काढतोय हा. कुठं जातं ते मला कुणी विचारलं नाही. मीही नाही विचारलं."

वन्संनी पिशवीतून टेबलटेनिसचे बारा चेंडू काढले. शनिवारी त्या क्रीडागृहाच्या मोफत तासाला खेळायला जात, आणि तिथले चेपलेले चेंडू उचलून आणत. कशाला आणता म्हणून घरात रोज कटकट व्हायची. आदल्या रात्री दोघींनी त्यांच्यावर एक ते बारा आकडे घातले होते.

"हे काय?" माळी म्हणाला.

"टपाल," वन्सं म्हणाल्या. "बघू या कुठल्या पत्त्यावर पोचतं."

आता माळ्यालाच घाई झाली. त्यानं जाळी उचलून बाजूला ठेवली. आजीआजोबा कुत्र्यासह उतार उतरून नदीच्या काठावर गेले. तिथल्या भिंतीत एक मोठं भोक होतं, त्यातून बारमाही पाणी पडतं, हे आजोबांना फिरण्यामुळे ठाऊक होतं. वन्सं त्यांच्याबरोबर गेल्या. सगळे आपापल्या जागी पोचल्याचे फोन आले, तसे माळ्यानं चेंडू सोडले. एकामागून एक अंधारात गेले.

काठीवाली तळ्यावरून सलूनच्या अंगणात आली तेव्हा सलूनवाला जाळीवर पालथा पडून विजेरी आत रोखून होता. दोन गिऱ्हाईकं त्याच्या डोक्याशी उभी. एकाच्या गालावर साबण तसाच.

वीस मिनिटं झाली. तीस झाली.

"ताई, माझ्या नाकाला खाज सुटलीय."

"खाजवू नका. बघत राहा."

"अहो पण…"

साबणवाला वाकला आणि त्यानं त्याचं नाक खाजवून दिलं.

पस्तीस मिनिटं झाली. काठीवालीनं काठी हातात घट्ट धरली होती, पण ती ऐकत नव्हती. चेंडू आले नाहीत तर ऑफिसच्या लेखी हे गळतीचंच पाणी, आणि आपण बरोबर. नाव शाबूत, काठी शाबूत, पायरी मात्र गेली. आपण नेमकं काय व्हावं म्हणून थांबलोय, हेच तिला कळेना. पण चेंडू दिसावेत, असं मात्र तिला फार वाटत होतं. तिला ते पाणी कुठून येतं हे कळायला हवं होतं, बस्स.

"पाच!" सलूनवाला ओरडला. "पाच नंबर गेला! अहो खरंच गेला! हा अकरा! दोन!"

साबणवाला टाळ्या पिटत होता. बाराच्या बारा चेंडू जाळीखालून गेले. पाऊण तासानं वन्संचा फोन आला. मागे कुत्रं भुंकत होतं. "नऊ निघाले गं! आजोबांनी फुलपाखरं धरायची जाळी आणली होती नातवाची, तिच्यात धरले! नऊ!"

"आणि तीन?"

"तिघांचा पत्ता नाही."

सलूनवाल्यानं उठून शर्ट झटकला. "म्हणजे ताई, पायरी…?"

"पायरी राहील," ती म्हणाली. त्यानं दोन्ही हातांनी तिचा हात धरला. तिला हसू आलं. एवढी ऊरस्फोड करून तिनं सिद्ध काय केलं, तर स्वतःची चूक.

सोमवारी सात वाजता ती ऑफिसात साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. बाहेर खोदणारे गाडीत कुदळी चढवत होते.

"साहेब, सलूनसमोरची खोदाई थांबवा. माझं चुकलं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "काय म्हणालात?"

"गळती नाही ती. बागेतल्या तळ्याचं पाणी आहे. जुना ओढा आहे खाली, बांधून काढलेला. आपल्या नळाला कुठंतरी खेटून जातो, म्हणून शीळ येते." तिनं चेंडूंचं सगळं सांगितलं.

साहेब हळू आवाजात म्हणाले, "गप्प बसला असतात तर निभावलं असतं, बाई. खड्डा पडला असता, बुजवला असता."

"आणि सलूनवाल्याची गिऱ्हाईकं?"

साहेबांनी कोरा अर्ज पुढे सरकवला. "लिहून द्या. हा वर जाणार, हे ठाऊक आहे ना? यंत्र आता येणारच."

"येऊ द्या."

तिनं लिहिलं: गळती नाही. ऐकण्यात चूक. एकोणीस वर्षांत हे शब्द लिहायची वेळ आली नव्हती. अक्षर वाकडं आलं. खाली सही केली. साहेबांनी खिडकीतून खोदणाऱ्यांना हाक मारून गाडी दुसऱ्या कामाला पाठवली. ती वळली, तशी त्यांनी विचारलं, "बारा सोडले होते ना?"

"बारा."

"सलूनखालून किती गेले?"

"बाराही."

साहेब उठून भिंतीवरच्या नकाशापाशी गेले. खात्याचा प्रत्येक नळ त्यात निळ्या रेघेनं काढलेला, पण बागेपासून नदीपर्यंत ओढ्याचं नावनिशाण नव्हतं. त्यांनी सलूनवर पेन्सिल टेकवली आणि तिथून खाली सरकवत नेली. "म्हणजे ह्याच्यानंतर फाटा आहे कुठंतरी."

"मलाही तेच वाटतंय."

"कुठल्या बाजूला?"

"ऐकायला लागेल."

"रविवारच्या ऐकण्याचे पैसे मिळायचे नाहीत हं, बाई."

"मागितलेत कुणी?"

साहेबांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि नकाशाकडेच बघत राहिले. तिनं टेबलावरचा तक्रारींचा कागद उचलला. पहिलीच तक्रार: बेकरीमागची गल्ली, मीटरची पेटी ओली.

बेकरीमागे ती पोचली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं. व्हॉल्व्हचं झाकण चिखलानं धरलेलं. तिनं गुडघे टेकून खुरप्यानं कडा मोकळ्या केल्या, झाकण उचललं, काठी सोडली, वाटीला कान लावला. वरच्या घरात कुणीतरी नळ सोडून बादली भरत होतं. बादली भरेपर्यंत दुसरं काही ऐकू येणार नव्हतं. ती तशीच वाकून थांबली.