उजवी पाकळी
काल परडीतल्या सोनचाफ्याचा वास आला आणि माझी बोटं आपोआप सोवळ्याला पुसली गेली. मी पोलादपूरकडच्या एका गावातला गुरव. काही वर्षांपूर्वी तीन पक्षांचं सरकार आलं आणि कुणाला किती मंत्रिपदं यावर मुंबईत घोडं अडलं होतं, तेव्हा वरच्या वाडीतला एक म्हातारा देवाला कौल लावायला आला. "आपला आमदार मंत्री व्हनार काय, इचार देवाला. झाला तर ओढ्यावर साकव तोच बांधील, नायतर पावसाआधी आमीच लाकडाचा घालतो." मूर्तीच्या दोन खांद्यांवर मी सोनचाफ्याच्या ओल्या पाकळ्या चिकटवल्या, उजवी आधी पडली की होकार. समईच्या धुरात म्हातारा डोळे मिटून उभा. बराच वेळ काहीच पडेना, आणि मला भूक लागली होती. मी उजवी पाकळी बोटानं हलकेच ढकलली. वाडी निर्धास्त झाली, साकव कुणी घातला नाही. मंत्रिमंडळात आमच्या आमदाराच्या वाट्याचं पद मित्रपक्षाला गेलं, तरी देवानं होकार दिलाय म्हणून वाडी पुढच्या विस्ताराची वाट बघत राहिली. त्या पावसात ओढा भरला, म्हाताऱ्याच्या सुनेला बाळंतपणासाठी झोळीतून डोंगराला वळसा घालून न्यावं लागलं, आणि मूल वाटेतच गेलं. कालची परडी त्यानंच आणली होती, पुन्हा कौल लावायला. म्हणाला, "देवानं दिलं व्हतं रे, त्या मित्रपक्षानं नेलं." मी खाली मान घालून पाकळ्या भिजवत राहिलो.