मेश्रामांच्या इंजिनाचं दार

गोंदियाहून निघालेली छोटी गाडी वाघ नदीच्या पुलावर आली, तेव्हा डब्यातल्या निम्म्या लोकांनी नदीला हात जोडले आणि उरलेल्यांनी विड्या पेटवल्या. पूल संपला तसा महाराष्ट्रही संपला. पलीकडे तीच धानाची कापलेली शेतं, तेच तळ्याकाठचे बगळे. माझ्या शेजारचे गृहस्थ मात्र मराठीतून हिंदीत शिरले आणि बालाघाट येईपर्यंत दोन्ही मिसळूनच बोलत राहिले.

हा प्रवास दहा-बारा वर्षांपूर्वीचा. तेव्हा मी तो लिहिला नाही. आता लिहितो, कारण ज्यांच्याविषयी लिहायचं ते नोकरीतून निवृत्त झाले आहेत आणि ‘लिहा’ असं त्यांनीच पत्रातून कळवलं आहे. नावं बदलली आहेत. एका स्टेशनाचं नाव मुद्दामच दिलेलं नाही.

माझी खोड जुन्या वाचकांना ठाऊक आहे. ‘प्रवेश बंद’ अशी पाटी दिसली की माझे पाय तिकडेच वळतात. दीपगृहाच्या माथ्यावर गेलो, गलबताच्या तळात उतरलो, आणि दर वेळी पुण्यात परतल्यावर मित्रांच्या बैठकीत ते तिखटमीठ लावून सांगितलं. मी विमा कचेरीतला कारकून आहे. लोक माझं ऐकतात ते एवढ्याच कारणानं, आणि त्याचा मला भारी अभिमान होता.

बालाघाटला माझी धाकटी बहीण मालू राहते. मेहुणे जंगलखात्यात, महिन्यातले वीस दिवस बैहरकडे. मालूनं चिन्नोरचा (तिकडचा वासाचा बारीक तांदूळ) भात आणि पाटोडीचा रस्सा करून माझी सरबराई केली. रस्सा असा झणझणीत की डोळ्यांतून पाणी काढत मी तीनदा वाढून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी गाव पाहायला निघालो तो पहिल्यांदा स्टेशनावरच गेलो, आणि तिथेच चहाच्या टपरीवर मेश्राम ड्रायव्हर भेटले.

पन्नाशीचा उंच, वाळका माणूस. निळा डगला, गळ्यात रुमाल. माझं मराठी ऐकून त्यांनी बाकावर जागा करून दिली. त्यांचे आजोबा भंडाऱ्याकडून आलेले. घरी मराठी, बाहेर हिंदी.

“पोरं आता हिंदीतच भांडतात,” ते म्हणाले. “तुमचं आयकून कान धुतल्यासारखे वाटून राह्यले.”

नियमात बसत नसलं तरी त्या लाईनीवर इंजिनात माणसं घेण्याचा रिवाजच होता. डबे पाच-सहा, बाजाराच्या दिवशी माणूस उतू जायचं. त्यातून थंडीचे दिवस आणि इंजिनात ऊब. ओळखीच्याला, म्हाताऱ्याकोताऱ्याला ड्रायव्हर वर ओढून घेत. तो एक प्रकारचा पाहुणचारच समजला जाई. नाही म्हणायचे ते एकटे मेश्राम. इंजिनाच्या चढायच्या जागेला कमरेएवढं पत्र्याचं दार असतं. बाकीच्यांची ती दारं उघडीच लटकत. मेश्रामांनी आपल्या दाराला आतून खिट्टी बसवून घेतली होती आणि वरून साखळी. लोक त्यांना ‘साखळीवाला’ म्हणत, आणि त्यात कौतुक नव्हतं.

“काहून म्हणून विचारता?” मेश्राम म्हणाले. “आत दोन मानसांचं काम. तिसरा आला का ध्यान फुटते.”

बावीस वर्षांत त्यांच्या कागदावर एक लाल रेघ नव्हती. मोठ्या लाईनीच्या गाड्यांसाठी त्यांची निवड झाली होती. पुढच्या महिन्यात नागपूरला जायचं होतं. छोट्या गाडीवरून मोठ्या गाडीवर जाणारा त्या इंजिन-शेडमधला बऱ्याच वर्षांतला पहिला माणूस. हे सांगताना त्यांनी रुमालानं तोंड पुसलं, उगीचच.

मला एवढं कळूनही मी त्यांच्या मागे लागलो. दोन सकाळी गोडीगुलाबीनं विचारलं. तिसऱ्या सकाळी पुढच्या मोठ्या गावचा बाजार होता आणि मला नैनपूरकडचं जंगल पाहायचंच होतं. मेश्राम हसून ‘नाही’ म्हणाले तेव्हा मी चक्क तोंड पाडलं. “असू दे. आपलं माणूस म्हणून विचारलं. परकेच आहोत आम्ही,” असं म्हणून डब्याकडे वळलोसुद्धा. हे मी ठरवून केलं. विदर्भातल्या माणसाला पाहुणा रुसून गेलेला सोसत नाही, हे मला मालूच्या सासरी कळलेलं होतं.

मागून साखळी निघाल्याचा आवाज आला. “या,” मेश्राम म्हणाले. “पन कोपऱ्यात उभं राहा. हात कशालेच लावू नका.”

मी पांढरा सदरा, डोक्यावर साहेबी सोला हॅट अशा थाटात वर चढलो. भट्टीची धग तोंडावर आली. फायरमन सुकलाल मान वर न करता कोळसा ओढत होता. सुटायच्या आधी मेश्रामांनी वेताचं एक मोठं कडं घेतलं, त्याला चामड्याची थैली. थैलीतून लोखंडी गोळा काढून त्यावर कोरलेली दोन स्टेशनांची नावं मोठ्यानं वाचली. सुकलालनं ती मोठ्यानं परत म्हटली. मग कडं खुंटीला गेलं.

“एकेरी लाईन आहे,” मेश्रामांनी सांगितलं. “ह्या दोन टेसनांच्या मधात ज्याच्यापाशी हा गोळा, त्याचीच लाईन. फुडच्या टेसनावर हा देयाचा, तिथून फुडचा घ्याचा. गोळा नाही, तं चाक हालवाचं नाही.”

गाडी हलणार तोच एक म्हातारी शिंगाड्यांची टोपली घेऊन दाराशी आली. “मले बी घे रे बापू. डब्यात पाय ठेवाले जागा नाही.”

“नाही माय, इंजिनात कोनाले घेत नाही मी.”

म्हातारीनं माझ्याकडे बोट केलं. “त्या बाबूले घेतलं, मले काहून नाही?”

मेश्रामांनी दाराची खिट्टी काढली. बावीस वर्षं त्यांच्याकडे एकच उत्तर होतं आणि ते माझ्या पायी खोटं ठरलं होतं. म्हातारी वर आली. तिच्यामागून तिचा भाचा, त्याच्यामागून कोंबड्या घेतलेला एक बुवा. त्यांना तरी कोणत्या तोंडानं अडवणार? मला गंमत वाटत होती. मनात मी हे सगळं मित्रांना सांगायलाही लागलो होतो.

पहिले तास-पाऊण तास झकास गेले. गावं संपली, सागाची आणि बांबूची दाटी सुरू झाली. मधल्या स्टेशनांवर मेश्राम आम्हाला बाजूला सारून गोळा घेत, वाचत, सुकलालकडून म्हणवून घेत. मग ते स्टेशन आलं.

मास्तर स्वतः बाहेर उभे होते. मेश्रामांनी आम्हाला खाली बसायची खूण केली. घाईत म्हातारीची टोपली कलंडली आणि शिंगाडे थेट भट्टीच्या तोंडापर्यंत गडगडले. ती वेचायला वाकली, तिचा पदर भट्टीकडे गेला. मेश्राम आणि सुकलाल दोघेही तिच्यावर धावले. नेमका तेव्हा दाराशी पोर्टर नवं कडं घेऊन आला.

“मी घेतो!” मी म्हणालो.

पोर्टरनं माझी हॅट पाहिली, पांढरा सदरा पाहिला आणि कडक सलाम ठोकला. एका हातानं मी त्याचं कडं घेतलं, दुसऱ्या हातानं खुंटीवरचं काढलं. दोन्ही कडी सारखी, थैल्या सारख्या. एक खुंटीला लावलं, एक त्याला दिलं. त्यानं ते मान लववून घेतलं.

“गोळा घेतला?” मेश्रामांनी पाठमोरेच विचारलं.

“घेतला!” मी ओरडलो.

मास्तरांची नजर इकडे वळण्याआधी मेश्रामांना निघायचं होतं. गार्डाचं हिरवं निशाण दिसलं आणि आम्ही सुटलो.

दोनेक मैल गेल्यावर मेश्राम एकदम म्हणाले, “वाचाचा राह्यला.” त्यांनी थैलीत हात घातला, गोळा उजेडात धरला. वाचला. परत वाचला. मग वाफ बंद करून त्यांनी ब्रेक असा लावला की कोंबड्या माझ्या अंगावर आल्या.

“हा मागचा हाये,” ते म्हणाले. आवाज अगदी हळू होता.

मला समजायला क्षण लागला. नवा गोळा मी पोर्टरला परत दिला होता. आमच्यापाशी होता तो संपलेल्या वाटेचा. या वाटेवर असण्याचा आम्हाला हक्कच नव्हता, आणि समोरून याच सुमारास मँगनीजची मालगाडी निघते हे मेश्रामांनीच मला चहा पिताना सांगितलं होतं. मागच्या मास्तरांना चूक कळली असेल तर पुढची गाडी थांबेल. तो नवा गोळा न बघता कुणी स्टेशनातल्या गोळ्यांच्या यंत्रात परत टाकला असेल, तर पुढच्या स्टेशनाला लाईन मोकळी दिसेल आणि मालगाडी सुटेल. यातलं काय झालं हे जंगलात कळायला मार्ग नव्हता.

सुकलाल लाल झेंडी आणि रुळावर लावायचे इशाऱ्याचे फटाके घेऊन समोरच्या वळणाकडे धावत सुटला. गार्ड आला, मेश्रामांशी दोन वाक्यं बोलला आणि डबे रिकामे करू लागला. माणसं बोचकी घेऊन झाडीत उतरली. म्हातारीला मी हात दिला. खाली उतरल्यावर तिनं माझ्याकडे पाहून विचारलं, “तुमच्यानं झालं का जी?”

मी ‘हो’ म्हणालो. मला वाटतं, त्या दिवसातलं माझं ते एकच नीट उत्तर.

मेश्राम इंजिनातून उतरले नाहीत. मी खालून म्हटलं, “अहो, तुम्ही तरी उतरा!”

“शिट्टी कोन देईन मंग?” ते म्हणाले, आणि थांबून थांबून लांब शिट्टी देत राहिले. मी रुळाला कान लावला. काही धडधडत होतं. ते माझंच होतं की गाडीचं हे मला ओळखता येईना. मी फार घाबरलो होतो, आणि माझ्यासाठी नव्हे. त्या वळणावरून गाडी आलीच तर हा माणूस शिट्टीची दोरी सोडणार नाही, हे मला दिसत होतं. किती वेळ गेला सांगता येत नाही. गार्डानं नंतर पस्तीस मिनिटं लिहिली.

वळणाकडून कुणी आलं नाही. आलं ते मागून. मघाचा पोर्टर, अनवाणी, वेताचं कडं गळ्यात अडकवून स्लीपरांवरून पळत येत होता. त्याच्यानं बोलवेना.

“मास्तरनं पाह्यलं... फोन केला... मालगाडी निघालीच नाही.” एवढं सांगून तो गार्डाकडे नाही, मेश्रामांकडे नाही, माझ्याकडे वळला आणि त्यानं हात जोडले. “साहेब, गलती झाली. तुमच्या हातातून घेतलं, पाह्यलं नाही. नोकरीवर आणू नका.”

वरून मेश्राम म्हणाले, “हा साहेब नोहे रे. पाहुना हाये माहा.”

पुढे मी डब्यात बसून गेलो. मोठ्या स्टेशनावर गाडी थांबली तेव्हा एक अधिकारी वही घेऊन उभा होता. मी चार पावलांवर होतो.

“गोला क्यों नहीं पढ़ा?” त्यानं विचारलं.

“रह गया, साब. गलती मेरी.”

“इंजनमें कोई था?”

“कोई नहीं, साब.”

मी पुढे झालो. मेश्रामांनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, आणि मी होतो तिथेच थांबलो.

तिसऱ्या दिवशी मी बालाघाटात त्यांच्या क्वार्टरवर गेलो. खिशात दोन पानी जबाब होता: सगळा दोष माझा, मीच चढलो, मीच कडी बदलली. मेश्राम अंगणात खाटेवर बसले होते. इंजिनावरून काढून त्यांना शेडमध्ये लावलं होतं. नागपूर रद्द झालं होतं. त्यांच्या बायकोनं चहा आणून दिला आणि माझी पानं मला मोठ्यानं वाचायला लावली. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, “भाऊ, गोळा वाचला नाही म्हून मोठी गाडी गेली. इंजिनात चार लोक व्हते म्हनसान तं नोकरीच जाईन. त्या पोर्टरची बी. तुमाले बरं वाटाव म्हून आमी काय काय देवाव?”

त्या चिडून बोलल्या नाहीत. चिडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

मेश्रामांनी पानं घेऊन घडी केली आणि चुलीत टाकायला बायकोकडे दिली. “तुमी ढकललं नाही, पाव्हने,” ते म्हणाले. “दार मीच उघडलं.”

हे त्यांचं मोठेपण. मला मात्र माहीत आहे की मी ते दार तीन दिवस ढकलत होतो.

परतताना गोंदियाची गाडी दुसऱ्या ड्रायव्हरची होती. इंजिनात सात-आठ माणसं दाटीनं उभी होती. मी आपल्या डब्यात खिडकीशी बसलो. वाघ नदी आली, लोकांनी हात जोडले, आणि मला माझ्या हातांचं काय करावं ते कळेना.

पुण्यात पहिल्याच रविवारी बैठक जमली. चहा झाला, पान झालं. मित्रांनी मांड्या ठोकून विचारलं, “काय मग? त्या चिमुकल्या गाडीच्या इंजिनात घुसलात की नाही?”

“नाही,” मी म्हणालो. “तिथे मेश्राम म्हणून एक ड्रायव्हर आहे. कुणी कितीही लाडीगोडी लावली तरी तो दार उघडत नाही.”