सहा डिग्रीतली डुबकी

नोकरीत असताना किस्से आपसूक टेबलावर यायचे. निवृत्त झालो की ही आवक थांबेल, असा माझा समज होता. मग आम्ही आल्मेरे या डच गावी लेकीकडे आलो. ऋता आणि तिच्या आयटीतल्या मित्रमंडळींना दर रविवारी स्कुबा डायव्हिंगची हौस. तीही समुद्रात नव्हे, इथल्या तळ्यात. पाणी सहा डिग्री! फ्रिजमधली कोथिंबीर याहून सुखात असते.

आमच्या हिने पहिल्याच दिवशी बजावलं, "एकदा जरी काही झालं ना, तर हे कायमचं बंद!" ऋताने कबूल केलं. तेव्हापासून आम्ही दोघं काठावर घडीच्या खुर्च्या टाकून पहारा देतो.

*

पहिला धक्का पार्किंगमध्येच. त्यांचा डच प्रशिक्षक हेंक, माझ्याच वयाचा. हिच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारता मारता त्याने डायव्हिंगचा सूट चढवायला कपडे उतरवले. सगळे! ही "येस, येस" म्हणत आभाळाकडे बघत राहिली. त्या दिवशीचे ढग तिला अजून पाठ आहेत.

*

"खाली बघायला असतं तरी काय?" मी केतनला विचारलं. हा ऋताचा पाण्यातला जोडीदार.

"बस आहे, काका."

"बुडालेली?"

"बुडवलेली. डायव्हर्सना बघायला काहीतरी हवं ना!"

आमच्याकडे बस बुडाली की चौकशी समिती बसते. इथे परवानगी काढून बुडवतात!

पाऊण तासाने तो वर आला. "दिसली?"

"छे! पाणी इतकं हिरवं, स्वतःचा हात दिसत नाही."

"मग?"

"डोक्याला लागली."

*

थंडी बाधू नये म्हणून उतरण्याआधी रबरी सूटमध्ये कोमट पाणी ओततात. एकदा केतनने घाईत हाताला लागला तो थर्मास मानेतून आत रिकामा केला.

"अरे, तो आल्याचा चहा!" ही किंचाळली. नशीब, निवला होता.

"साखर जास्त झालीय, काकू," म्हणत तो तसाच पाण्यात शिरला.

*

आणि गेल्या रविवारी! केतन जोडीदाराचा हात धरून वर आला. पायापासून डोक्यापर्यंत काळा सूट, सगळं तोंड झाकणारा मास्क, थंडीने लटलट. हिने मागून शाल लपेटली आणि पाठ चोळायला घेतली. "किती गार पडलीस गं! सांगून सांगून थकले!" एरवी उलट बोलणारी ऋता मुकाट ऐकत होती. तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

मास्क निघाला. आतून तांबूस, झुपकेदार मिशा आल्या!

"डांक यू वेल," मिशांनी डचमध्ये आभार मानले आणि हिच्या हातचा चहा घेतला.

केतन पांढराफटक. "काका, खाली मी... याचा हात धरला?"

"मग ऋता कुठंय?" मी ओरडलो.

तळं गुळगुळीत, एक बुडबुडा नाही. हेंक धडपडत पुन्हा सिलिंडर चढवू लागला. हिच्या हातातून थर्मासचं झाकण पडलं. मिशावाल्याने चहाचा घोट गिळून शांतपणे समोरच्या काठाकडे बोट दाखवलं.

तिथे एक डच आजीबाई एका काळ्या सूटभोवती घोंगडी गुंडाळून त्याला हिरवंगार, दाट सूप भरवत होत्या. सूटने हात हलवला. "आई!"

आम्ही वळसा घालून धावत पोहोचलो. ऋताने मान खाली घातली. "हिरव्या पाण्यात काठच चुकला. आता बंद ना?"

ही धापा टाकत तिच्याकडे बघत राहिली, मग तिच्या हातातल्या वाडग्याकडे. वाडगा चाटूनपुसून साफ होता.

"ते नंतर! आधी हे सांग. घरी पुलावातले वाटाणे एकेक करून वेचून काढतेस, आणि इथे वाटाण्याचं सूप?"