नव्या रिव्हॉल्वरला लागलेलं गंध

अबुधाबीच्या शिकार प्रदर्शनात बाबांना नेलं, तेव्हा त्यांच्यापेक्षा मीच जास्त हुरळलो होतो. बाबा पोलिसांच्या शस्त्रागारातून निवृत्त झालेले. तिथे त्यांनी जन्मभर जे रिव्हॉल्वर पुसलं, तेच बंद पडलेलं मॉडेल ते मुळात बनवणाऱ्या जुन्या नामांकित कंपनीने पुन्हा जसंच्या तसं बनवलं होतं. स्टॉलवर हौशी गिऱ्हाइकांची ही झुंबड! "यल्ला बाबा, चला!" म्हणत मी वाट काढली.

सेल्समनने रिव्हॉल्वर बाबांच्या हातात दिलं. ते रिकामं आहे ना, हे बाबांनी आधी पाहिलं. मग दसऱ्याच्या शस्त्रपूजेला करायचे तसं दोन्ही हातांनी उचलून थेट कपाळाला लावलं.

"नो, हबीबी, नो!" सेल्समन किंचाळला. सिक्युरिटीवाला धावत आला.

"अहो, नमस्कार करतायत ते!" मी चक्क मराठीत ओरडलो.

मग हिंदीत समजावल्यावर सगळे पोट धरून हसले. बाबांच्या कपाळावरचं सकाळचं गंध त्या कोऱ्या पोलादावर उमटलं होतं. सेल्समनने पुसायला फडकं घेतलं.

"राहू दे म्हणावं त्याला," बाबा मला म्हणाले. "आत्ता कुठे ते जुनं झालंय."