वेशीबाहेर सोडलेली कोंबडी

"मोजू नका हां, सायेब."

करंजाड्यात आमच्या सोसायटीच्या मागे राहणारे मामा हे वाक्य प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. गावठी अंडी घ्यायला नवं कोणी आलं, की अंगणातल्या कोंबड्या पाहून हरखायचं आणि बोट दाखवत एक, दोन, तीन सुरू करायचं. मामा लगेच मूठभर कण्या भिरकावायचे. कोंबड्यांची झुंबड उडायची, मोजणी फसायची.

"काय मामा, इन्कम टॅक्सवाल्यांची भीती वाटते?" मी चिडवायचो.

"मोजलेलं त्याला दिसतं," ते म्हणायचे. कोणाला, ते कधी सांगितलं नाही. नुसते माझ्या खांद्यावरून मागे बघत राहायचे. भर दुपारी माझ्या अंगावर काटा यायचा. तुम्हीही वळून पाहिलं असतंत. मागे फक्त आमच्या सोसायटीचं गेट असायचं.

गावाची शेती टाउनशिपमध्ये गेली, तेव्हा मामांकडे घराभोवतीचा तुकडा आणि आईच्या वेळेपासून जपलेला कोंबड्यांचा वाण एवढंच उरलं. सुनेला त्यातच धंदा दिसत होता. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईही तिला भरीस घालायच्या. "इथं गावठी अंडं हातोहात खपतं. जाळीची शेड बांधा, वेळेवर लस द्या, मग बघा. मामा, किती पक्ष्यांची लस आणू?"

"हायत तेवढ्यांची."

बाई हसल्या, मीही हसलो. सून हसली नाही. लस राहून गेली.

मग कोंबड्यांवर मानमोडीचा रोग आला. सकाळी दाणे टिपणारी कोंबडी दुपारी मान पिळवटून स्वतःभोवती फिरायची आणि पडायची. कलकलाट करणारं ते अंगण गप्प झालं. सुनेने डॉक्टरीणबाईंना फोन लावला, मामांनी एक काळी कोंबडी उचलली. त्यांच्याकडची जुनी रीत होती. रोग शिरला की एका कोंबडीला कुंकू लावून वेशीबाहेर सोडायचं. रोग तिच्याबरोबर जातो. सोडणाऱ्याने मागे बघायचं नाही, आणि तिला कोणीही परत आणायचं नाही.

गावाची वेस आमच्या गेटवर होती, हे मला त्या संध्याकाळी कळलं. मामा काळीला तिथे सोडून, मान न वळवता घरी आले. पाठोपाठ आमचा वॉचमन हजर. काखेत काळी आणि चेहरा फुललेला. "मामा, आपकी मुर्गी भाग रही थी!"

मामा त्याला रागावले नाहीत. नको असलेला पाहुणा दारात यावा, तसे त्या कोंबडीकडे बघत राहिले. मग सुनेला म्हणाले, "आता ती एकटी जायची नाय. पोचवाय पायजे."

त्यांनी काळीला काखेत घेतलं आणि गेटच्या दिशेने निघाले. "चहा तरी घ्या," मी म्हटलं. आल्यावर घेतो, असं ते म्हणाले नाहीत.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या आणि उरलेल्या प्रत्येक कोंबडीला मोठ्याने मोजत लस दिली. त्यानंतर एकही दगावली नाही. लसीचा गुण, असं बाई म्हणतात. मुलाने बापाला खूप शोधलं, पोलिसात तक्रार दिली. मामा आले नाहीत.

आता तिथे शेड आहे, वाण वाढलाय, रविवारी अंड्यांना रांग लागते. मला मामांची फार आठवण येते. तरी त्या अंगणात एकटं थांबायला मी घाबरतो.

परवा मी अंडी घेत असताना वॉचमन धावत आला. कोंबडी परत आणल्याचं त्याला अजून खातंय. "भाभी, कळंबोली में ट्रकवालों ने मामा को देखा. बगल में काली मुर्गी है. जाके ले आऊँ?"

सुनेने हातातला ट्रे खाली ठेवला आणि ती हमसून हमसून रडली. मग पदराने तोंड पुसलं.

"भाकरी बांधून देते, ती दे त्यांना," ती म्हणाली. "पन परत आनू नको."